विंडोज १० गेलं, दुकानातले पाच संगणक राहिले

चिपळूणला आमचं झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार होता. दुकानातल्या पाच संगणकांचं काय करायचं, हा प्रश्न जुलैत समोर आला आणि पुरता मिटायला डिसेंबर उजाडला. खेड, दापोली, गुहागरकडच्या आमच्यासारख्या दुकानदारांचे अजून फोन येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा क्रमाने लिहून ठेवते. मी संगणक शिकलेली नाही, बी.कॉम. केलं आणि दुकानात बसले ती बसलेच.

आमचे संगणक जुने का, ते आधी सांगायला हवं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा होतं नव्हतं ते सगळं गेलं. गाळ उपसून झाल्यावर नव्या यंत्रांपुरते पैसे हातात नव्हते. मग मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन कंपन्यांनी काढून टाकलेले, चौथ्या आणि सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचे डबे आणले. स्वस्त पडले, आणि चार वर्षं मुकाट्याने चालले. योगायोग असा, की पुराच्या महिनाभर आधी, २४ जूनला, मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ जाहीर केलं होतं आणि त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागणार, असं सांगून टाकलं होतं. म्हणजे आम्ही घेतले तेव्हाच ते पुढच्या विंडोजला नापास होते.

जुलैत अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशांची गर्दी चालू असताना पडद्यावर सपोर्ट संपण्याची सूचना यायला लागली. पोरं रांगेत उभी, त्यामुळे ती सूचना रोज बंद करायची आणि पुढचा फॉर्म घ्यायचा. गर्दी ओसरल्यावर यंत्रावर विंडोज ११ चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ पाचही यंत्रांवर चालवलं. पाचही ठिकाणी लाल फुली.

सपोर्ट संपला म्हणजे संगणक बंद पडतो असं नाही, हे मला येणारे सगळे विचारतात म्हणून आधीच सांगते. तो चालूच राहतो. फक्त विंडोजमध्ये नवीन भोक सापडलं तर ते बुजवणारा पॅच येत नाही. त्याने काय होतं, ते २०१७त दिसलं होतं. ज्या भोकातून वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस शिरला त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिला होता. हल्ला झाला १२ मे रोजी. ज्यांनी मधल्या दोन महिन्यांत अपडेट केलं नव्हतं ते सापडले. तिथे पॅच निदान हजर होता. सपोर्ट संपलेल्या यंत्राला तो मिळतच नाही.

आता दुकानाचं म्हणाल तर आमच्याकडे व्हायरस येतो तो गिऱ्हाइकाच्या खिशातून. शाळेचा शिपाई, वकिलांचा कारकून, लग्नपत्रिकावाले, प्रोजेक्टची पोरं, सगळ्यांचे पेनड्राइव्ह एकाच काउंटरच्या संगणकात जातात आणि तिथून पुढच्या दुकानात जातात. ‘शॉर्टकट व्हायरस’ माहीत नाही असा झेरॉक्सवाला महाराष्ट्रात सापडायचा नाही. तो पेनड्राइव्हमधल्या खऱ्या फाइली लपवतो आणि त्यांच्याच नावाचे शॉर्टकट समोर ठेवतो. गिऱ्हाईक ‘बायोडाटा’वर क्लिक करतं, मागे स्क्रिप्ट चालते, आणि लगेच खरी फाइलही उघडते, त्यामुळे संशय येत नाही. पूर्वी तर क्लिकचीही गरज नव्हती. एक्सपीच्या काळात पेनड्राइव्ह लावला की ऑटोरनने, म्हणजे त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू होण्याच्या सोयीने, काम व्हायचं. ते मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये बंद केलं आणि २०११च्या अपडेटने जुन्या विंडोजवरही आवळलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोटेशनं मागवली. विंडोज ११ चालेल असा साधा डेस्कटॉप जीएसटी धरून अडतीस हजारांच्या आसपास. पाच घेतले तर एक लाख नव्वद हजार. मायक्रोसॉफ्टचा जादा वर्षाचा सुरक्षा सपोर्ट, ज्याला ईएसयू म्हणतात, तो घरगुती वापराला तीस डॉलर किंवा काही अटींवर फुकट. पण धंद्याच्या यंत्रांसाठी वेगळा दर, पहिल्या वर्षी दर यंत्रामागे एकसष्ट डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. एका विक्रेत्याने तिसराच मार्ग सुचवला: अटींना बगल देऊन विंडोज ११ टाकून देतो, ‘अॅक्टिव्हेटर’सकट (विनापरवाना विंडोज परवान्याचं भासवणारा प्रोग्राम), यंत्रामागे पाचशे. त्याला नको म्हटलं. फुकटचा अॅक्टिव्हेटर चालवायचा तर आधी अँटिव्हायरस बंद करा असं त्यातच लिहिलेलं असतं. घराची किल्ली देऊन वर कुत्राही बांधून ठेवायचा, असलं ते सांगणं.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. गणपतीला, म्हणजे २७ ऑगस्टच्या आदल्या दिवशी, तो घरी आला. आरत्या झाल्या, जेवणं झाली, तेव्हा त्याच्यापुढे कागद ठेवला. कुठल्या यंत्रावर दिवसभरात काय काम होतं आणि त्याला काय काय जोडलेलं आहे, ते मी लिहून काढलं होतं. हा कागद कुणीही हे काम करताना सर्वात आधी करावा. आमचा असा होता: काउंटरचं यंत्र, पेनड्राइव्ह आणि व्हॉट्सअॅप वेबवरून आलेलं छापायला. दोन यंत्रं फॉर्म भरायला, म्हणजे नुसता ब्राउझर, स्कॅनर आणि पीडीएफ. एक डीटीपीचं, श्रीलिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि ते चालायला लावावी लागणारी यूएसबी किल्ली (डोंगल) यांसह. आणि एक बोटांचे ठसे घेण्याच्या उपकरणाचं आणि डिजिटल सहीच्या टोकनचं.

कागद वाचून तो म्हणाला, “मावशी, यातल्या तीन यंत्रांना विंडोज लागतच नाही.”

त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टिम टाकायची, असं त्याचं म्हणणं. माझा पहिला प्रश्न सगळे विचारतात तोच: लिनक्सला व्हायरस येत नाहीत हे खरं का? तो म्हणाला, येतात. सर्व्हरवर, राउटरवर, कॅमेऱ्यांवर भरपूर येतात. २०१६चा मिराय व्हायरस लिनक्सवर चालणाऱ्या कॅमेरे-राउटरांतच पसरला होता. पण डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे थोडे, म्हणून त्यांच्यासाठी व्हायरस लिहिणारेही थोडे. हा झाला नशिबाचा भाग. दुसरा भाग रचनेचा. नेटवरून उतरवलेल्या फाइलला लिनक्सवर आपणहून चालण्याची परवानगी नसते; ती मुद्दाम द्यावी लागते. प्रोग्राम हवा तर तो वाटेल त्या साइटवरून न घेता वितरणाच्या, म्हणजे आपण घेतलेल्या लिनक्सच्या प्रकाराच्या, कोठारातून घ्यायचा, आणि तिथल्या पॅकेजांच्या यादीवर डिजिटल सही असते. आणि रोजचं खातं मालकाचं, म्हणजे अॅडमिनचं, नसतं. सिस्टिमला हात लावायचा तर पासवर्ड मागते. विंडोजमध्येही व्हिस्टापासून ही विचारणा आली, पण घरोघरी लोक अॅडमिन खात्यावरच बसतात आणि ‘येस’ दाबतात.

“पण,” तो म्हणाला, “खंडणीवाला व्हायरस लिनक्सवर चाललाच, तर तुझ्या फाइली कुलूपबंद करायला त्याला मालकाचा पासवर्ड लागत नाही. तुझ्या फाइली तुझ्याच खात्यात असतात.” हे मला फार महत्त्वाचं वाटलं. बॅकअप टाळता येणार नाही, मग संगणक कुठलाही असो.

त्याच्याकडे स्वतःचा मॅकबुक आहे, अर्धा शिष्यवृत्तीच्या पैशांचा. त्यालाही व्हायरस लागत नाहीत म्हणतात, असं मी चिडवलं. तर २०१२चा फ्लॅशबॅक हा मॅकवरचा व्हायरस त्यानेच सांगितला. जावाच्या भोकातून सहा लाखांच्या घरात मॅक धरले गेले होते. आता अॅपलने मॅकमध्येच एक्सप्रोटेक्ट नावाचा तपासनीस बसवलाय, आणि अनोळखी बनवणाऱ्याचा प्रोग्राम गेटकीपर सहजी उघडू देत नाही. दुकानात मॅक घेण्याचा विषय किमतीपाशीच संपला.

विसर्जनाच्या आधीच्या एका संध्याकाळी त्याने दोन गोष्टी करून दाखवल्या. पहिली आयकार. ही एक ६८ अक्षरांची ओळ आहे, अँटिव्हायरसवाल्यांनीच ठरवलेली. ती निरुपद्रवी आहे, पण प्रत्येक अँटिव्हायरसने तिला व्हायरस म्हणायचं असा करार. आपला पहारेकरी जागा आहे का, हे बघण्याचा हा सुरक्षित मार्ग. विंडोज १० वर नोटपॅडमधून ती फाइल सेव्ह केली तर विंडोजच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसने क्षणात उचलून नेली. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार ‘लाइव्ह’, म्हणजे संगणकावर न बसवता, चालवला आणि तिथे तीच फाइल ठेवली. काहीच झालं नाही! बसून राहिली. क्लॅमएव्ही हा मोफत तपासनीस टाकून हाताने तपासणी लावली तेव्हा कुठे तिचं नाव आलं. म्हणजे मिंटवर पहारेकरी आपण ठेवू तेव्हाच असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे खऱ्या शॉर्टकट व्हायरसचा पेनड्राइव्ह. त्यासाठी शोधाशोध करावी लागली नाही, काउंटरच्या ड्रॉवरमध्ये विसरलेले पेनड्राइव्ह पडलेलेच असतात. मिंटवर शॉर्टकट दिसले, पण त्यांचं करायचं काय हे मिंटला कळेना. शेजारीच खऱ्या फाइली उघड्या! विंडोजची ‘लपवलेली’ खूण लिनक्स मानत नाही. त्याच्याकडे नावाच्या आधी टिंब असलं तरच फाइल लपते. इतकी वर्षं आम्ही काळ्या खिडकीत अॅट्रिबची कमांड मारून ज्या फाइली वर काढत होतो त्या इथे आयत्या समोर.

ठरलं. काउंटर आणि फॉर्मची दोन, अशा तीन यंत्रांवर मिंट. डीटीपीचं यंत्र विंडोज १० वरच, पण नेट कायमचं काढून. ठशांसाठी नवीन विंडोज ११. ठशांच्या उपकरणाची आरडी सर्व्हिस (ठसे आधारच्या पडताळणीसाठी सुरक्षित पाठवणारा प्रोग्राम) आमच्या पुरवठादाराकडे विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच होती, तेव्हा तिथे वादच नव्हता. तुमचं जे उपकरण असेल त्याच्या पुरवठादाराला यंत्र बदलण्याआधी फोन करा. आमच्याकडे त्याचं वार्षिक शुल्क आणि नव्या यंत्रावरची नोंदणी यात आठवडा गेला.

सप्टेंबरात मिंटची २२.२ आवृत्ती आली. हिला २०२९पर्यंत अपडेट मिळणार. जुन्या यंत्रांसाठी एक्सएफसीई हा हलका प्रकार घेतला. फाइल तीन जीबीच्या आसपास, आमच्या नेटवर रात्रभर लावून ठेवली. उतरल्यावर तिचा शा-२५६ आकडा, म्हणजे फाइलमध्ये जरा जरी बदल झाला तरी बदलणारा तिचा ठसा, साइटवरच्या आकड्याशी ताडून बघायला भाच्याने फोनवरून लावलं. मला तो फाजील सोपस्कार वाटला. मग त्याने कारण सांगितलं: २० फेब्रुवारी २०१६ला मिंटचीच साइट फोडून तिच्यावरचा दुवा चोरवाट घातलेल्या आवृत्तीकडे वळवला गेला होता. त्या दिवशी ज्यांनी ती उतरवून टाकली त्यांनी आपल्या हाताने दार उघडं ठेवलं. आकडा जुळायला दोन मिनिटं लागतात. आणि आकडा ज्या साइटवरून घ्यायचा तीच फुटली असेल तर? म्हणून त्या आकड्यांच्या फाइलवरची सहीही तपासता येते. ते त्याने केलं, माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

बॅकअप हा सगळ्यात कंटाळवाणा टप्पा, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच द्या. एक टीबीची बाहेरची डिस्क घेतली. तिच्यावर काय घ्यायचं हे ठरवतानाच लक्षात आलं, की काउंटरच्या यंत्रावर ‘डाउनलोड्स’मध्ये लोकांची आधार कार्डं, पॅन, बँकेची पासबुकं, उत्पन्नाचे दाखले वर्षानुवर्षं साठतात. प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात हेच असतं. ती आम्ही डिस्कवर घेतलीच नाहीत. दुकानाची बिलं, डीटीपीच्या फाइली, फॉन्ट आणि ब्राउझरचे बुकमार्क एवढंच घेतलं, आणि घेतल्यावर दुसऱ्या संगणकावर दहा-बारा फाइली उघडून पाहिल्या. न उघडून पाहिलेला बॅकअप धरू नका.

आणि नेमकं त्याच सुमाराला, १८ सप्टेंबरला, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. सकाळी शटर वर करायच्या आधी बायका पायरीवर. ओटीपी येईना, साइट उघडेना, नवऱ्याचं आधार घरी राहिलेलं. एकही यंत्र बंद ठेवायची सोय नव्हती. म्हणून रविवारी, आणि तेही एका वेळी एकच यंत्र, असं धोरण ठेवलं. एक यंत्र बदलायचं, आठवडाभर वापरायचं, मग पुढचं.

बदलताना जुनी हार्ड डिस्क तशीच काढून बाजूला ठेवली आणि तिच्या जागी नवी एसएसडी, म्हणजे जास्त वेगाची डिस्क, बसवली. याचे दोन फायदे. यंत्राचा वेग वाढतो, आणि काही फसलंच तर जुनी डिस्क परत लावून सोमवारी दुकान चालू करता येतं. एसएसडी सतराशे रुपयांना एक. दोन यंत्रांना चार जीबी रॅम वाढवली, नऊशेप्रमाणे. मिंट बसायला अर्धा तास पुरला. आमच्या एका यंत्रावर पेनड्राइव्हवरून चालू करण्याची कळ एफ १२ होती, दुसऱ्यावर एफ ९. चालू करताना पडद्याच्या तळाशी क्षणभर दिसतं, फोनवर व्हिडिओ काढला की नीट वाचता येतं.

खरा वेळ खाल्ला प्रिंटरने. मोठं कॉपियर मशीन नेटवर्कवर होतं ते मिंटने आपणच ओळखलं, ड्रायव्हरही मागितला नाही. जुना छोटा लेझर मात्र ऐकेना. रात्री नऊपासून साडेअकरापर्यंत नाना खटपटी केल्यावर त्याला डीटीपीच्या विंडोजला जोडून टाकलं आणि विषय संपवला. तुम्ही बदलणार असाल तर लाइव्ह पेनड्राइव्हवर असतानाच प्रिंटर आणि स्कॅनर दोन्ही चालतात का ते बघून घ्या, बसवल्यावर नाही.

मराठी टायपिंगचीही धास्ती होती. फॉर्म युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखीच दिसणाऱ्या अक्षरांत, भरायचे असतात, त्यामुळे मिंटवर इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड लावल्यावर तिथे अडलं नाही. आमच्या दुकानातली टायपिंगवाली ताई रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, शिकलेली. तिचा हात डीटीपीच्या यंत्रावरच बसतो, तिथे काही बदललंच नव्हतं. पहिले दोन दिवस फॉर्मवाला मुलगा कुरकुरला, सेव्ह केलेली फाइल कुठे गेली म्हणून. नंतर विसरला. गिऱ्हाइकांपैकी कुणालाच फरक कळला नाही. त्यांच्या लेखी क्रोम तो क्रोम.

मिंटवर मालकाचं खातं वेगळं ठेवलं, त्याचा पासवर्ड मला आणि भाच्याला. दुकानातले दोघे साध्या खात्यावर. फॉर्मच्या यंत्रांवर लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये पाहुण्यांचं सेशन चालू केलं. गिऱ्हाईक उठलं की लॉगआउट, आणि त्यात उतरवलेलं सगळं पुसलं जातं. आधार कार्डांच्या ढिगाऱ्यावर मला सापडलेला सगळ्यात सोपा इलाज हाच. विंडोजचे प्रोग्राम चालवणारं ‘वाइन’ काउंटरवर मुद्दाम टाकलं नाही. ते टाकलं की विंडोजच्या व्हायरसलाही अर्धी वाट मोकळी होते. क्लॅमएव्ही टाकलं, आमच्यासाठी नव्हे तर गिऱ्हाइकांसाठी. आमच्या यंत्रावर न चाललेला व्हायरस फाइलबरोबर त्यांच्या घरच्या विंडोजवर जाऊ नये.

डीटीपीच्या यंत्राची वायर १३ ऑक्टोबरला काढली. नेट नाही म्हणजे धोका नाही असं मी म्हणून पाहिलं, त्यावर भाच्याने २०१०चा स्टक्सनेट व्हायरस सांगितला. इराणच्या नतान्झच्या अणुकेंद्रातली यंत्रणा बाहेरच्या नेटला जोडलेली नव्हती, तिथे तो पेनड्राइव्हमधूनच पोचला, आणि तोही विंडोजच्या शॉर्टकट फाइलमधल्या भोकाचा उपयोग करून. त्यामुळे डीटीपीवर गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह कधीही नाही. आलेला मजकूर काउंटरच्या मिंटवर उघडायचा, हवी तेवढीच फाइल दुकानाच्या ठरलेल्या पेनड्राइव्हवर घ्यायची, तो तिकडे न्यायचा. ताईला सुरुवातीला वैताग आला. “आधीच घाई, त्यात ही सोवळ्याची भांडी,” म्हणाली.

नवीन संगणक दिवाळीच्या सुमाराला आला, अडतीस हजार दोनशेला. बिल जीएसटी नंबर टाकूनच घ्या आणि विंडोजचा परवाना बिलावर लिहून घ्या. त्यावर रोजचं खातं साधं ठेवलं, अॅडमिन वेगळं. फाइलींची शेपटं दिसतील असं सेटिंग केलं, कारण विंडोज ती मुळात लपवतं आणि ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ हा प्रोग्राम नुसतं ‘बिल.पीडीएफ’ दिसतो. डिफेंडरमधलं ‘कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस’ चालू केलं, म्हणजे अनोळखी प्रोग्रामला कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये खाडाखोड करता येत नाही. डिजिटल सहीचा सातबारा किंवा ई-आधार यांवरची हिरवी खूण गिऱ्हाइकाला दाखवायची असते, ते कामही इथेच होतं. मिंटच्या साध्या पीडीएफ वाचकात ती दिसत नव्हती.

पैसे देऊन अँटिव्हायरस घ्यायचा का, हे बरेच विचारतात. आमच्याकडे पूर्वी पाच यंत्रांचा होता. मराठी माणसाला या धंद्याचं अप्रूप असायला कारणही आहे. पुण्यात संगणकदुरुस्तीच्या छोट्या दुकानातून काटकर बंधूंनी क्विक हील उभं केलं. पण विंडोज ८ पासून डिफेंडर विंडोजमध्येच येतो, आणि आमच्या एका विंडोज ११ ला तो पुरेसा वाटला. दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर बाजूला होतो, दोघे मिळून दुप्पट पहारा देत नाहीत, एवढं लक्षात असू द्या. मोफत साधनं हवी असतील तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही आहेत.

घरच्या लॅपटॉपसाठी मात्र ईएसयू घेतलं. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा येतो. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंगांचा बॅकअप त्या खात्यात चालू केला की तीस डॉलर लागत नाहीत. आमच्याकडे तो दुवा दिसायलाच बरेच दिवस लागले, रोज उघडून बघत होते. १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत त्या लॅपटॉपची सोय झाली.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचे हयातीचे दाखले. त्याच महिन्यात नगरपरिषदेच्या निवडणुकीचे अर्ज आले. उमेदवारांची माणसं हातात पेनड्राइव्ह घेऊन, एकाच वेळी चौघं. एका कार्यकर्त्याचा पेनड्राइव्ह काउंटरला लावला तर सगळे फोल्डर शॉर्टकट. गेल्या वर्षी असतं तर दुपारपर्यंत काउंटर बंद. मुलाने खऱ्या फाइली उचलल्या, पत्रक छापलं, आणि पेनड्राइव्ह त्यांना विचारून फॉरमॅट करून दिला. “वहिनी, कालच नवीन घेतलाय हो,” असं म्हणत ते गेले.

आणि मग फोन. या सगळ्या खटाटोपात मी ज्याचा विचारच केला नव्हता ते तिथून आलं. डिसेंबरात एक आजोबा व्हॉट्सअॅपवर आलेली लग्नपत्रिका छापून द्या म्हणून आले. फाइलच्या शेवटी एपीके. म्हणजे पत्रिका नव्हे, अँड्रॉइडचं अॅप. आरटीओच्या चलानाच्या नावानेही हीच युक्ती चालते. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे, प्रत्येक अॅप आपल्या खोलीत बंद असतं, आणि बाहेरून आलेलं अॅप बसवायचं तर ‘अनोळखी स्रोत’ म्हणून फोन अडवतो. आजोबांनी ते सगळे ‘अलाऊ’ आधीच दाबले होते, एसएमएस वाचायची परवानगीसुद्धा. ओटीपी एसएमएसनेच येतो, तेव्हा चोराला आणखी काही लागत नाही. फोन लगेच विमान मोडमध्ये टाकला, अॅप काढलं, दुसऱ्या फोनवरून त्यांच्या बँकेला कळवून व्यवहार थांबवले. पैसे गेले नव्हते. गेले असते तर १९३० वर लगेच फोन करायचा आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवायची. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. आता काउंटरवर पाटी आहे: पत्रिका, चलान, बिल यांच्या शेवटी एपीके असेल तर उघडू नका, आम्हाला दाखवा. दाखवायला रोज कुणी ना कुणी येतं.

राहिल्या होत्या जुन्या तीन हार्ड डिस्क. नुसतं डिलीट केलं किंवा झटपट फॉरमॅट केलं तर आतलं परत काढता येतं, आणि आत हजारो लोकांची आधार कार्डं. मिंटच्या ‘डिस्क्स’ प्रोग्राममध्ये फॉरमॅट करताना सगळीकडे शून्यं लिहिण्याचा पर्याय आहे. एका डिस्कला कित्येक तास लागतात, म्हणून रात्री लावायची. चुकीच्या डिस्कवर चालवलं तर सगळं जातं, तेव्हा बाकीच्या डिस्क काढून मगच लावा. तीनही पुसून झाल्यावर ई-कचरा घेणाऱ्याला दिल्या.

खर्च असा झाला: नवीन संगणक ३८,२००, तीन एसएसडी ५,१००, रॅम १,८००, बाहेरची डिस्क ४,८००, दोन पेनड्राइव्ह ९००. एकूण ५०,८००. मिंटला पैसे पडले नाहीत. भाच्याच्या येण्या-जाण्याचं गाडीभाडं आणि त्याला दिलेले काजू यात धरलेले नाहीत. डीटीपीच्या यंत्रावर श्रीलिपीतल्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणायचं काम ताईने जानेवारीपासून घेतलंय, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा. २०१४पर्यंतच्या झाल्या. मागच्या आठवड्यात गुहागरचे एक दुकानदार बघायला आले होते, त्यांच्याकडे सात यंत्रं आहेत आणि सातही यंत्रांना तोच हट्टी छोटा लेझर जोडलेला आहे. त्यांना म्हटलं, आधी प्रिंटरचं बघा.